जळगाव ते कोल्हापूर किती लांब?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला कोल्हापूरहून ताईचा फोन आला. दाजींच्या छातीत दुखलं, दवाखान्यात दाखल केलंय, उद्या सकाळी नऊला ऑपरेशन ठरलंय. "तू कधी पोचशील?" एवढंच तिनं विचारलं. मी जळगावात होतो. फोन ठेवला आणि मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. लगेच उत्तर आलं: हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर, विमानानं लागणारा वेळ एक तास. तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. एका तासाचा तर प्रश्न आहे, रात्रीच्या जेवणाआधी ताईजवळ असेन.

मग विमान शोधायला लागलो. त्या दिवशी विमान नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. जळगावहून मुंबई किंवा पुणे गाठायचं, तिथे रात्र काढायची आणि पुढचं कोल्हापूरचं विमान मिळालं तर बघायचं, असे एकेक तुकडे जुळवून पाहिले. कुठलाही जोड चोवीस तासांच्या आत येईना. ट्रॅव्हल्सनं रात्री पुणं आणि पहाटे पुढची गाडी धरली तरी अकरा वाजणार होते. शेवटी संध्याकाळी स्टेशनवर गेलो, जनरलचं तिकीट काढलं आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढलो. टीसीला सगळं सांगितलं तेव्हा मनमाडनंतर त्यानं स्लीपरमध्ये एक बर्थ काढून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात उतरलो, तेव्हा दाजींना आत नेऊन तीन तास होऊन गेले होते. ताई बाकावर एकटी बसली होती.

दाजी आता ठणठणीत आहेत. पण मोबाइलवरचं ते 'एक तास' माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण तो आकडा एका मोबाइलपुरता नाही. आपली सगळी प्रादेशिक विमानसेवा, तिचं अनुदान, तिची उद्घाटनं आणि तिच्या जाहिराती याच आकड्यावर उभ्या आहेत. दोन छोट्या गावांतलं अंतर किलोमीटरमध्ये आणि विमानाच्या मिनिटांत मोजायचं, आणि तेवढं मोजलं की गावं जवळ आली असं जाहीर करायचं. माझं म्हणणं असं की हे मोजमापच चुकलेलं आहे, आणि माप चुकल्यामुळे लोकांचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातोय.

आधी अंतराबद्दल. जळगाव आणि कोल्हापूरवर नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अजिंठ्याचा डोंगर ओलांडून जवळपास थेट छत्रपती संभाजीनगरावरून जाते. पुढे अहिल्यानगर उजव्या हाताला राहतं. भीमा नदी ओलांडली की ती बारामतीजवळून जाते, मग माणदेशाचा कोरडा पट्टा, विट्याच्या अगदी शेजारून उसाच्या हिरव्या मुलखात, आणि कृष्णा-वारणा मागे टाकून पंचगंगेच्या काठी. ही रेघ ५०० किलोमीटरची. रस्ता सव्वासहाशेच्या आसपास. रेल्वे मात्र जळगावहून आधी पश्चिमेला मनमाडला जाते, तिथून दक्षिणेला वळून कोपरगाव, अहिल्यानगर करत दौंडला, दौंडहून पुन्हा पश्चिमेला पुण्याला, मग सातारा, मिरज, आणि मिरजेहून परत पश्चिमेला कोल्हापूर. असं वळसे घेत जवळपास ८०० किलोमीटर, सोळा-सतरा तास. सरळ रेघेपेक्षा दीडपटीहून जास्त. विमानाचा खरा उपयोग व्हावा अशी ही जोडी आहे, हे मी मुद्दाम आधी सांगतो. छोट्या विमानतळांवर खर्चच करू नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

आता वेळेबद्दल. मोबाइल जो एक तास सांगतो तो मोठ्या जेट विमानाचा वेग धरून केलेला हिशेब असतो. जळगावची धावपट्टी साधारण १७०० मीटरची. तिथे येतं ते पंख्याचं एटीआर, सत्तरेक आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि चढताना-उतरताना त्याहून कमी. म्हणजे हवेतच तास-सव्वातास. वैमानिक ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे चाकाखालची ठोकळी काढल्यापासून दुसरीकडे ठोकळी लावेपर्यंतचा वेळ, तो एक तास पंचवीस मिनिटांच्या घरात जाईल. घरातून कुसुंब्याजवळच्या विमानतळापर्यंत अर्धा तास, उड्डाणाच्या तासभर आधी पोचणं, उतरल्यावर सामान, आणि उजळाईवाडीहून कोल्हापूर शहरात यायला आणखी अर्धा तास. सगळं मिळून दारापासून दारापर्यंत पावणेचार-चार तास. एकाचे चार झाले, तरी सतरापेक्षा चार कितीतरी बरे. इथपर्यंत विमान जिंकतं.

पण याच्या आधीची एक वेळ आहे, ती कुणीच मोजत नाही. विमान यायची वाट बघण्याची वेळ.

समजा या दोन गावांमध्ये आठवड्यातून तीन दिवस विमान आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार. छोट्या मार्गांवर हे नेहमीचं वेळापत्रक. माणसाला जाण्याची गरज वार बघून पडत नाही. ताईचा फोन कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला येऊ शकतो. अशा वेळी पुढच्या विमानाची सरासरी किती वाट बघावी लागेल? दोन विमानांमधलं अंतर ४८ तास, ४८ तास आणि ७२ तास. गणित साधं आहे. सरासरी २९ तास निघते. त्यात दारापासून दारापर्यंतचे चार मिळवा: ३३ तास. महाराष्ट्र एक्सप्रेस रोज आहे, म्हणून तिची सरासरी वाट १२ तासांची, आणि प्रवास सतरा: एकूण २९. तीन दिवसांचं विमान रोजच्या रेल्वेपेक्षा हळू पोचवतं. मी हा हिशेब तीनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. आणि विमान रोजचं केलं की तोच आकडा सोळा तासांवर येतो. विमान तेच आहे, धावपट्टी तीच आहे, वेगही तोच. फरक फक्त रोज असण्याचा.

कुणी म्हणेल, लोक वेळापत्रक बघून बेत आखतात, असं अचानक कोण निघतं? लग्नाला आणि देवदर्शनाला जाणारे आखतात, खरं आहे. पण परतीचं काय? बुधवारी गेलेला माणूस कामं आटोपून बुधवारीच किंवा गुरुवारी परत येऊ शकत नाही, तो शुक्रवारपर्यंत अडकतो. शुक्रवारी गेलेला सोमवारपर्यंत. एका दिवसाच्या कामासाठी दोन-तीन रात्रींचं लॉज, जेवण, बुडालेला धंदा किंवा खर्च झालेली रजा. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो, पण प्रवासी तो मोजूनच निर्णय घेतो.

त्या रात्री माझ्या समोरच्या बर्थवर हुपरीचे एक गृहस्थ होते. चांदीचा माल घेऊन वर्षातून पाच-सहा वेळा जळगावच्या सराफ बाजारात येणारे. हुपरीची पैंजणं आणि जळगावचं सोनं, या दोन बाजारांचं नातं जुनं आहे. रिकामी बॅग साखळीनं बर्थच्या पायाला बांधून, चप्पल उशाखाली ठेवून ते बसले होते. मी विमानाचा विषय काढला. म्हटलं, जळगाव-कोल्हापूर विमान सुरू झालं तर तुम्ही जाल का? त्यांनी भाडं किती हे विचारलं नाही. किती वेळ लागेल हेही विचारलं नाही. "पाव्हणं, रोज हाय का ते?" एवढंच विचारलं. "रोज नसंल तर माल घिऊन बसायचं कुठं? जोखमीचं काम हाय." माझ्या सगळ्या गणिताचा गाभा त्यांनी एका प्रश्नात सांगून टाकला होता. सकाळी हातकणंगल्याला ते उतरले तेव्हा पाऊस पडत होता.

आता सरकार काय मोजतं ते बघू. छोटी गावं विमानानं जोडण्याची केंद्राची उडान योजना २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली विमानानं तिची सुरुवात झाली. त्याच दिवशी आपलं नांदेडही हैदराबादला जोडलं गेलं. योजनेचं सगळ्यांना पाठ झालेलं वाक्य असं: साधारण ५०० किलोमीटर, एक तास, २५०० रुपये. जळगाव ते कोल्हापूर हुबेहूब तेच अंतर आहे, जणू ही जोडी डोळ्यांसमोर ठेवूनच वाक्य लिहिलं असावं. भाड्याची कमाल मर्यादा अंतराच्या टप्प्यांनुसार ठरते. ठरावीक आसनं त्या मर्यादेत विकायची, आणि त्यातून कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार. त्या तुटीचा पाचवा हिस्सा राज्यानं द्यायचा. या योजनेसाठी केंद्राशी करार करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य होतं, आणि छोट्या विमानतळांवरच्या विमान इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचंही त्यानं मान्य केलं. इतका उत्साह दाखवणाऱ्या राज्याला आज हिशेब मागण्याचाही अधिकार आहे.

हिशेब सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२३ च्या अहवालात मांडला आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते ५४. म्हणजे शंभर मार्ग वाटले तर सात टिकले.

जळगावनं हे सगळं जवळून पाहिलंय. विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झालं, जळगावच्याच प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना. नियमित प्रवासी विमान आलं डिसेंबर २०१७ मध्ये, अठरा-एकोणीस आसनांचं. म्हणजे पावणेसहा वर्षं धावपट्टी, इमारत, कुंपण, पहारेकरी सगळं होतं आणि विमान नव्हतं. ते पहिलं विमान टिकलं नाही. मग २०१९ ला दुसरी कंपनी आली, तीही काही काळानं बंद पडली. २०२४ पासून तिसरीची विमानं आहेत. दर वेळी हार-तुरे, दर वेळी पहिल्या प्रवाशाला पेढे, दर वेळी पुढाऱ्यांचे बोर्डिंग पाससह फोटो. मी हे कुणाची टिंगल म्हणून सांगत नाही. पहिल्या वेळी मीही मुलाला खांद्यावर घेऊन विमान बघायला गेलो होतो, आणि ते खाली उतरताना कंठ दाटून आला होता. ज्या गावानं विमान फक्त आकाशात बघितलंय त्याला ते जमिनीवर बघण्याचं अप्रूप खोटं नसतं.

पण तिसऱ्यांदा पेढे वाटले जातात तेव्हा लोकांनी एक गोष्ट शिकून घेतलेली असते: हे जाणार. व्यापारी आपलं वेळापत्रक विमानावर टाकत नाही. दवाखाने बाहेरगावच्या डॉक्टरांच्या भेटी विमानावर ठरवत नाहीत. कारखानदार मुंबईच्या पाहुण्यासाठी गाडीच पाठवतो. मग आसनं रिकामी जातात, आणि कंपनी सांगते की बघा, मागणीच नाही. मागणी नाही हे मला मान्य नाही. भरवसा नाही, म्हणून मागणी दिसत नाही.

एकदा मी स्वतः जळगावहून मुंबईला विमानानं निघालो होतो. कुसुंबा फाट्यावर रिक्षा वळत असतानाच मोबाइल वाजला: आजचं उड्डाण काही कारणास्तव रद्द. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, सरळ स्टेशनावर घेऊ का?" त्याला विचारावंही लागलं नाही. त्याच्यासाठी हा नेहमीचा फेरा होता. पैसे परत मिळाले, पण माझी मुंबईतली सुनावणी परत मिळाली नाही.

रद्द होण्याला कारणं असतात, आणि ती समजून घेतली पाहिजेत. एक एटीआर दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी कुठे तासभर उशीर झाला की तो पुढे पुढे सरकत जातो, आणि दिवस संपताना एखादी फेरी गाळावी लागते. गाळली जाते ती सगळ्यात कमी प्रवाशांची, म्हणजे छोट्या गावाची. जिथे धुक्या-पावसात विमान उतरवायची यंत्रणा नाही तिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते, आणि त्यासाठी साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसणं गरजेचं. आषाढात सिंधुदुर्गात किंवा पौषातल्या सकाळी खानदेशात रोज तेवढं दिसेलच असं नाही. मुंबईचा प्रश्न वेगळाच. तिथे एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते, आणि तिच्यावरची वेळ मोठ्या विमानांनी आधीच भरलेली. छोट्या गावाच्या विमानाला मग भल्या पहाटेची किंवा भलत्याच दुपारची वेळ मिळते, जिचा कुणालाच उपयोग नसतो.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यानं ही कोंडी थोडी सुटेल, आणि सुटावी. पण आपण प्रत्येक गाव मुंबईलाच का जोडत बसलो आहोत? जळगावच्या माणसाला कोल्हापूरला जायचंय, मुंबईला नाही. नागपूर करारात, १९५३ साली, विदर्भ-मराठवाड्याच्या लोकांनी याच भीतीपोटी हमी मागितली होती की सगळं काही मुंबईच्या दिशेनं ओढलं जाऊ नये. राज्य होऊन साठ वर्षं उलटून गेली तरी खानदेशातून दक्षिण महाराष्ट्रात जायचं तर पुण्या-मुंबईच्या दारातूनच जावं लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्यासाठी तिथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं लढा दिला, आणि त्यांची मागणी या एकाच गोष्टीवर उभी होती: न्याय मिळायला मुंबईला जावं लागतं आणि तिथे जाणं-येणं सामान्य माणसाला झेपत नाही. अंतर म्हणजे किलोमीटर नव्हे, माणसाचा गेलेला दिवस आणि गेलेला पैसा, हे तिथे मान्य झालं. विमानाच्या बाबतीतही तेच मान्य व्हायला हवं. कोल्हापूर-नागपूर थेट विमान २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा म्हणूनच मला मनापासून बरं वाटलं. आडव्या महाराष्ट्राला शिवणारा तो एक टाका होता. अशा मार्गांना मुंबईच्या धावपट्टीवर वेळ मागावी लागत नाही.

याच्या उलटही सांगतो. जिथे विमान लागत नाही तिथे ते अनुदानावर उडवू नये. नाशिक-पुणे सरळ रेघेत १७० किलोमीटर. एके काळी या मार्गावर विमान उडालं होतं. दारापासून दारापर्यंतचा वेळ धरला तर तिथे विमान आणि गाडी यांच्यात फार फरक राहत नाही. तिथे हवी आहे रेल्वे, जी आजही नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येऊ नये म्हणून त्या रेल्वेचा मार्ग बदलावा लागला आणि काम लांबलं. दुर्बीण जपलीच पाहिजे, पण त्या रखडण्याचं उत्तर विमान नव्हे.

आणि सोलापूर. तिथे सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. कामगार आणि ऊस उत्पादक रस्त्यावर उतरले होते, गाव दोन तटांत विभागलं होतं. चिमणी पडल्यानंतर पहिलं विमान आलं जून २०२५ मध्ये, तेही गोव्याचं. मुंबईचं त्यानंतर चार महिन्यांनी. एवढी किंमत मोजलेल्या गावाला आता विमान आठवड्यातून किती दिवस येतं, किती वेळा रद्द होतं, हे दर महिन्याला कळायला नको का? चिमणीच्या जागेवर उभं राहून विचारण्याचा तो प्रश्न आहे.

बाहेर काही देशांनी हे माप बदललंय. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये २.७ किलोमीटरचं विमान आहे. नियोजित वेळ दोन मिनिटं, वारा अनुकूल असला तर त्याहून कमी. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण म्हणून लोक त्याचं कौतुक करतात, पण बेटावरच्या लोकांना दोन मिनिटांचं काही वाटत नाही. शिक्षक त्यातून येतात, रुग्ण त्यातून जातात, आणि ते ठरल्या वेळी येतं. नॉर्वेत समुद्रकाठच्या छोट्या गावांसाठी सरकार निविदा काढतं, तेव्हा दिवसाला किती फेऱ्या, कोणत्या वेळी, किती आसनं आणि जास्तीत जास्त भाडं किती, हे सगळं आधी ठरवून देतं. मग कंपन्या सांगतात, एवढ्यासाठी आम्हाला एवढं अनुदान लागेल. अमेरिकेत १९७८ ला विमानसेवा मोकळी केली तेव्हा छोटी गावं उघडी पडू नयेत म्हणून अनुदानाची सोय ठेवली गेली, आणि गाव मोठ्या विमानतळापासून किती लांब हे तिथे रस्त्यानं मोजतात. कारण विमान नसेल तर माणूस रस्त्यानंच जाणार.

आणि लांब कशाला जायचं? हा विचार आपल्याकडे विमानाच्या आधीपासून आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला निघाली. 'गाव तिथे एसटी' हे नुसतं घोषवाक्य नव्हतं. मुक्कामाची गाडी रात्री गावात येणार आणि पहाटे सुटणार, भरलेली असो वा नसो, हे म्हातारीलाही ठाऊक होतं. त्या भरवशावर मुली तालुक्याच्या कॉलेजात गेल्या, दूध डेअरीत पोचलं, दवाखाना गाठता आला. एसटीचा वेग कधीच फार नव्हता. ती रोज होती.

मला हवं आहे ते असं. पुढच्या फेरीत मार्ग देताना राज्यानं आपला पाचवा हिस्सा 'रोज' या शब्दाशी बांधावा. दोन छोटी गावं मिळून रोज सत्तर आसनं भरणार नाहीत, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. जळगाव-कोल्हापूर एकटं भरणार नाही. पण एसटी जशी वाटेतली गावं घेत जाते तसं विमानही जाऊ शकतं: नागपूर-जळगाव-कोल्हापूर, किंवा नांदेड-सोलापूर-कोल्हापूर. एकच विमान, तीन गावं, रोज. सत्तर आसनांचं झेपत नसेल तर अठ्ठेचाळीस आसनांचं छोटं एटीआरही असतं. तीन मार्गांवर आठवड्यातून दोन-तीन दिवस अनुदान वाटण्यापेक्षा एका मार्गावर रोजसाठी द्यावं, भले दोन गावं थांबून राहतील. त्या थांबणाऱ्या गावांत माझं गाव असलं तरी चालेल.

अनुदान किलोमीटरवर न देता पूर्ण झालेल्या, वेळेवर झालेल्या फेरीवर द्यावं. रद्द फेरीचं अनुदान नाही, आणि हवामानाखेरीज दुसऱ्या कारणानं रद्द झाली तर प्रवाशाला रेल्वेचं किंवा बसचं तिकीट कंपनीनं काढून द्यावं. प्रत्येक विमानतळाच्या दारावर फळा लावावा: या महिन्यात ठरलेल्या फेऱ्या इतक्या, झालेल्या इतक्या, वेळेवर इतक्या. आणि विमान उतरलं की दारात एसटीची किंवा महापालिकेची एक बस उभी असावी. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला. पंचाऐंशी वर्षांहून जुन्या विमानतळावर उतरलेल्या म्हातारीला महाद्वार रोडला जायला शंभर ठिकाणी विचारावं लागू नये, एवढी माफक मागणी आहे.

केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित उडान जाहीर केली आहे: दहा वर्षांत आणखी १२० ठिकाणं, चार कोटी प्रवासी. आकडे मोठे आहेत. त्या आराखड्यात 'किती ठिकाणं' याच्या शेजारी 'आठवड्यातून किती दिवस' असा एक रकाना असावा, यासाठी आपल्या खासदार-आमदारांनी भांडावं. नव्या टर्मिनलच्या काचा आणि कमानी यांच्यासाठी ते भांडतात, ते मी बघतो. या रकान्यासाठी भांडताना मला अजून कुणी दिसलेला नाही.

मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, कोल्हापुरातच. ताईनं या वेळी दोन महिने आधी तारीख सांगितली, आणि रेल्वेचं आरक्षणही साठ दिवस आधी उघडतं. ते उघडलं त्या सकाळी आठला बसून चौघांची तिकिटं काढली, महाराष्ट्र एक्सप्रेसची, दोन खालचे बर्थ मिळाले.